चौदा कुंड्यांचा मांडव

सांगलीत थंडी पडते यावर माझा विश्वास नव्हता. एकतीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला आणि एकतीस वर्षं मुलांकडून 'सांगलीचे हवामान उष्ण व कोरडे असून हिवाळा सौम्य असतो' हे वाक्य घोटून घेतलं. परीक्षेत ते एका गुणाला यायचं. पण निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी, गेल्या डिसेंबरात, या सौम्य हिवाळ्याने माझी अशी काही शोभा केली की अजून भाजी आणायला बाहेर पडलो तर समोरचा माणूस पाया पडावं की हसावं या विचारात दोन पावलं थांबतो. बहुतेक जण शेवटी हसतात.

झालं ते असं. आमची मुलगी ब्राह्मी पुण्याला असते. तिचं बाळंतपण जवळ आलं म्हणून माझी पत्नी विजयमाला महिनाभरासाठी तिच्याकडे निघाली आणि घरातल्या चौदा कुंड्या माझ्या ताब्यात आल्या. कुंड्या म्हणजे तुळस-गुलाब नव्हे. जेड, क्रोटॉन, अँथुरियम, दोन प्रकारचे निवडुंग, कोरफडीच्या नात्यातली पण कोरफड न म्हणवणारी चार झाडं, आणि या सगळ्यांचा कुलपुरुष म्हणजे बारा वर्षांचं अडेनियम. ब्राह्मी शाळेत असताना आणलेलं. मातीच्या वर त्याचा बुंधा भोपळ्यासारखा फुगलेला, त्यातून पाच फांद्या आणि उन्हाळ्यात गुलाबी फुलं. घरी पाहुणे आले की विजयमाला आधी त्यांना अडेनियम दाखवते आणि मग पाणी विचारते. मी घरात आहे हे पाहुण्यांना चहाच्या वेळी कळतं.

तुम्हाला वाटेल चौदा कुंड्या सांभाळण्यात काय आहे. पण आमच्या लग्नाला तेहतीस वर्षं झाली आणि या काळात विजयमालाने एखादी गोष्ट एकट्या माझ्या भरवशावर सोडल्याचं मला आठवत नाही. एकदाच, ब्राह्मी लहान असताना, गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया राखायला सांगितल्या होत्या. कावळे येऊ नयेत म्हणून मी त्यांच्यावर घरातल्या तिन्ही छत्र्या उघडून ठेवल्या. कावळे आले नाहीत, ऊनही आलं नाही. त्या कुरडयांना आलेली बुरशी मला आजही नात्यातल्या प्रत्येक लग्नात ऐकवली जाते. म्हणून या वेळी झाडं जगवायची, फुलवायची आणि महिन्याने विजयमालाच्या तोंडून 'बरं केलंत' हे दोन शब्द ऐकायचे, असा मी पण केला. त्या दोन शब्दांसाठी तेहतीस वर्षं थांबलेला माणूस काय करू शकतो, हे पुढे सगळ्या कॉलनीने पाहिलं.

स्टँडवर बस सुटेपर्यंत ती खिडकीतून सूचना देत होती. "आठ दिवसांतून एकदा वाटीभर पाणी. अडेनियमला तेही नको, ते आता झोपलंय. सकाळचं ऊन लागू दे. बाकी काही करू नका."

"थंडी वाढली तर?" मी विचारलं.

"तरी काही करू नका," ती म्हणाली. बस फलाटावरून मागे येत असताना तिने हात बाहेर काढून तेच परत सांगितलं. शेजारच्या सीटवरच्या बाईने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला आवडली नाही.

पहिले तीन दिवस मी खरोखर काही केलं नाही. हे माझ्या बाजूने नोंदवून ठेवावं. चौथ्या दिवशी वर्तमानपत्रात पहिल्याच पानावर 'सांगलीकरांना हुडहुडी, पारा बारावर' अशी बातमी आली, सोबत शेकोटीभोवती बसलेल्या लोकांचा फोटो. फोटोतले दोघे अर्ध्या बाह्यांच्या शर्टात होते, पण माझं तिकडे लक्ष गेलं नाही. मी कुंड्यांकडे धावलो. अडेनियमची तीन पानं पिवळी पडून मातीवर आली होती. हिवाळ्यात अडेनियम पानं गाळतंच, हे मला आता माहीत आहे. तेव्हा मला ती पानं म्हणजे पहिली तीन प्रेतं वाटली.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या अंबूबाई मूळच्या म्हसवडच्या. त्या फरशी पुसता पुसता थांबल्या. "आवं सर, कशापायी जिवाला घोर लावून घेताय? आमच्याकडं निवडुंग बांधावर उगवतंय. त्येला ना कोन पानी दावतंय, ना कोन पांघरून घालतंय. त्येच्या वाटंला जाऊ नगा, म्हंजे झालं."

दुष्काळी मुलखातल्या बाईचं पर्जन्यमानाविषयीचं मत म्हणून मी ते सोडून दिलं. शिकलेल्या माणसाने फुकट मिळालेला शहाणा सल्ला कधी घेऊ नये, असा आपल्याकडे दंडक आहे. मी तज्ज्ञाला फोन लावला.

तज्ज्ञ म्हणजे माझा मेहुणा गुंडा. तासगावला त्याची चार एकर द्राक्षबाग आहे. द्राक्षबागायतदार हा प्राणी फार आत्मविश्वासू असतो. त्याला पोटदुखी सांगा, परीक्षेतलं अपयश सांगा, तो त्यावर द्राक्षाचं औषध सांगतो, आणि ते इतकं ठासून सांगतो की रोग लाजून जातो. गुंडा दुसऱ्याच दिवशी मोटारसायकलला दोन कॅन अडकवून आला. त्याने अडेनियमच्या बुंध्यावर टिचकी मारली.

"दाजी, लय सोपं हाय. थंडीत बागंला आमी काय करतो? पहाटं बोअरचं पाणी सोडायचं. ते कोमट असतंय, मुळी गरम ऱ्हाती. मग बांधावर धूर करायचा. आन् आठ दिवसाला स्लरी. बघा तुमी, फेब्रुवारीत घड लागतील."

"अडेनियमला घड लागत नाहीत," मी म्हणालो.

"मग आजपर्यंत नीट खत पडलं नसंल," गुंडा म्हणाला.

कॅनमध्ये ती स्लरी होती. शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन एकत्र करून आठवडाभर कुजवलेलं. तिच्या वासाबद्दल मी लिहीत नाही. पहिली मात्रा घालताना ती माझ्या चपलांवर सांडली आणि त्या चपला गेटबाहेर नेऊन ठेवाव्या लागल्या. दुसरा जोड विजयमालाने कुठे ठेवलाय ते मला माहीत नव्हतं. तिला विचारलं असतं तर पहिल्या जोडाचं काय झालं ते सांगावं लागलं असतं. तेव्हापासून मी अनवाणी फिरू लागलो.

विजयमालाचा रोज संध्याकाळी फोन यायचा. "झाडं कशी आहेत?"

"मजेत."

"अडेनियम?"

"तेही."

"काही केलं नाहीत ना?"

"छे, छे." त्या वेळी माझ्या हातात कोमट पाण्याची झारी असायची.

धुराचा प्रश्न मात्र अवघड होता. आम्ही जैन. विनाकारण आग पेटवून किडामुंगीची होळी करणं विजयमालाला मुळीच चाललं नसतं, आणि खरं म्हणजे मलाही कसंसंच वाटत होतं. म्हणून मी मधला मार्ग काढला. घमेल्यात चार गोवऱ्या ठेवायच्या, पेटवण्यापूर्वी झटकून घ्यायच्या, आणि पहाटे साडेपाचला अंगणात नुसता धूर करायचा. याच अहिंसेपायी पुढची भानगड झाली. क्रोटॉनच्या पानांवर पांढरी पिठ्या ढेकूण नावाची कीड दिसली. औषध फवारायचं नाही, चिरडायचं नाही, मग करायचं काय? अंबूबाईंनी गावाकडून येताना रानात पडलेली मोरपिसं आणली होती. मी त्यांची जुडी बांधली आणि रोज सकाळी त्या जुडीने प्रत्येक पानावरची कीड हळुवार झाडून कंपाउंडच्या कडेला सोडू लागलो. कीड दुपारपर्यंत परत येत असे. पण माझ्या मनाला बरं वाटायचं.

आता रंगमंचावर सुभेदार लालासाहेब येतात. हे आमचे उजवीकडचे शेजारी, मूळ गाव कुंडल, अठ्ठावीस वर्षं फौजेत, त्यातली बरीचशी त्यांच्या सांगण्यानुसार बर्फातच. त्यांनी माझा धूर पाहिला आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"मास्तर, हे काय चाललंय? दुश्मन कोन?"

"थंडी," मी म्हणालो.

"किती डिग्री?"

"बारा."

लालासाहेब हसले नाहीत. फौजी माणूस शत्रूला कमी लेखत नाही. त्यांनी सगळ्या कुंड्या एका रांगेत लावल्या, प्रत्येकीवर रंगाने नंबर टाकला आणि सकाळ-संध्याकाळ हजेरी घ्यायला सुरुवात केली. नंबर सात, म्हणजे अँथुरियम, त्यांना सुरुवातीपासून पळपुटं वाटत होतं. "ह्येच्यावर नजर ठिवा," ते म्हणाले. त्यांच्याच हुकमावरून घरातले गरम कपडे बाहेर आले. माझा स्वेटर जेडला गेला, मफलर निवडुंगाला, शाल अडेनियमला आणि माझी माकडटोपी अँथुरियमला. पण लोकरीवर दव बसून ती भिजते, म्हणून त्यावर सुती कापड हवं. मी मारुती रोडवरून पांढरी धोतरं आणली, सात नग. दुकानदाराने एवढी कशाला म्हणून विचारलं, मी म्हणालो, "आता रोज लागणार." त्याने एकदम हात जोडले. मला वाटलं शिक्षकांविषयी अजून आदर शिल्लक आहे.

तो आदर पुढे वाढतच गेला. रस्त्यात ओळखीचे लोक थांबून नमस्कार करू लागले. डाव्या बाजूच्या चंदनाताई तर एके सकाळी गेटपाशी वाकून पाया पडल्या. या चंदनाताई म्हणजे आमच्या समाजाच्या महिला मंडळाच्या चिटणीस. वीस वर्षांत त्यांनी कचऱ्याच्या डब्यावरून बोल लावण्यापलीकडे माझ्याशी संवाद साधला नव्हता.

"सर, विजयमालाताईंना माहीत आहे का?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"नाही," मी म्हणालो, "आणि सांगूही नका. ती मला हे करू देणार नाही."

चंदनाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. धुरामुळे असेल, असं मला वाटलं.

दरम्यान लालासाहेबांचं म्हणणं पडलं की कापडाने भागत नाही, वरून दव पडतंय तोवर धोका आहे, डोक्यावर छप्पर पाहिजे. झाडं रात्री घरात घ्यायचा प्रयोग मी करून पाहिला होता. त्यासाठी पलंगाच्या फळ्या काढून मांडणी केली आणि मी स्वतः चटईवर झोपू लागलो. पण चौदा कुंड्या रोज दोनदा आतबाहेर करून माझी कंबर धरली. तेव्हा अंगणात ताडपत्रीचा मांडवच घालावा असं ठरलं. अंगण लहान, त्यामुळे दोन खांब रस्त्यावर दीड फूट येत होते.

"परमिशन काढा," लालासाहेब म्हणाले. "बिगर कागदाचं काम आपल्याला चालत न्हाई."

प्रभाग कार्यालयातला कारकून माझा विद्यार्थी निघाला. अशा वेळी आपल्याला आनंद होतो, तो चुकीचा असतो. "सर, तुम्ही मला मोसमी वाऱ्यांत नापास केलं होतं," तो म्हणाला आणि सावकाश अर्ज काढला. "प्रसंग काय लिहू?"

"थंडी," मी म्हणालो.

"तसा रकाना नाही, सर. लग्न, साखरपुडा, बारसं, धार्मिक, राजकीय आणि दुःखद. यातलं सांगा."

"अरे, झाडांसाठी आहे."

"झाडांसाठी उद्यान विभाग. पण ते फक्त तोडायची परवानगी देतात. जगवायची कोण मागत नाही."

मी बारसं लिही म्हणालो, कारण आमच्याकडे महिनाभरात बारसं होणारच होतं. पण बारशाला बाळाचा दाखला लागतो आणि बाळ तर अजून जन्मायचं होतं. लग्नाला मुलाचं आणि मुलीचं नाव लागतं. राजकीयला पोलिसांचा ना हरकत दाखला. दुःखदला कुणीतरी जावं लागतं. क्षणभर माझ्या मनात नंबर सातचा विचार येऊन गेला. उरलं धार्मिक. त्याला अर्जदाराची सही पुरत होती. कारकुनाने 'प्रसंग: धार्मिक' असा शिक्का मारून गुलाबी प्रत दिली आणि ती गेटवर दिसेल अशी चिकटवणं बंधनकारक आहे, हे दोनदा बजावलं. मोसमी वारे त्याच्या डोक्यात अजून घोंघावत होते, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

मांडववाल्याकडे साधी ताडपत्री नव्हती. लग्नसराईचा माल होता. त्याने गुलाबी कापड, सोनेरी झालर आणि मला नको असताना पुढे 'सुस्वागतम्' अशी कमानही लावून दिली. आत पांढरी धोतरं पांघरून चौदा कुंड्या बसल्या. मी समाधानाने पाहिलं. त्या शनिवारी पहाटेचं तापमान सोळा होतं आणि दुपारी पंख्याशिवाय बसवत नव्हतं, पण मोहीम सुरू झाली की हवामानाकडे कोण बघतो.

आता जरा चंदनाताईंच्या बाजूने विचार करा. मी नंतर केला, आणि मला त्यांचा फारसा दोष दिसला नाही. बायको गावाला गेल्यापासून हा माणूस एकदाच जेवतो. (अंबूबाई सकाळीच स्वयंपाक करून जात, तो दुपारीच संपत असे.) अनवाणी चालतो. चटईवर झोपतो. स्वतःचे गरम कपडे देऊन टाकले, थंडीत उघड्या डोक्याने हिंडतो. पांढरी वस्त्रं सात नग आणली. पहाटे उठून होमाचा धूर करतो. वर रोज सकाळी हातात मोरपिसांची पिंछी घेऊन जीवजंतूंना हळुवार बाजूला करतो, जसे आमचे मुनिमहाराज बसण्यापूर्वी जागेवर फिरवतात. गेटवर 'धार्मिक' लिहिलेला सरकारी कागद आणि अंगणात मांडव. याला आमच्या समाजात एकच अर्थ आहे. माणूस संसार सोडून दीक्षा घेतोय. आणि अशा गोष्टी तोंडावर विचारायच्या नसतात, त्याने वैराग्याला दृष्ट लागते.

रविवारी सकाळी साडेदहाला मी पिंछी, म्हणजे जुडी, घेऊन क्रोटॉनपाशी बसलो होतो. बँड ऐकू आला. मला वाटलं कुणाची तरी वरात. बँड आमच्याच कमानीपाशी थांबला. पुढे चंदनाताई, त्यांच्या हातात नारळाचं ताट, मागे महिला मंडळाच्या तीसेक बायका, त्यांच्यामागे पुरुष, आणि सर्वांत मागे दोन जण एक फ्लेक्स धरून. त्यावर माझा निरोप समारंभातला फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, 'वैराग्यपथावर पाऊल टाकणारे आदरणीय महावीर आलासे सर यांना त्रिवार वंदन'. माझ्या फोटोपेक्षा शुभेच्छुकांचे फोटो मोठे होते. त्यात तिसरा फोटो लालासाहेबांचा आणि पाचवा माझ्या मेहुण्याचा.

"गुंडा, तुला माहीत होतं?" मी त्याला बाजूला घेतलं. तोही त्या गर्दीत नवे कपडे घालून आला होता.

"मला काल कळलं, दाजी. वाईट वाटलं, पर म्हटलं चांगल्या मार्गाला लागताय, आडवं कशाला यायचं. आमच्या आक्काचं बघू आमी."

"अरे, मी थंडीपासून झाडं वाचवतोय."

गुंडाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "समदेच जीव वाचवायचे असतात, दाजी," तो म्हणाला, आणि मला कळलं की आता हा द्राक्षाच्या गाडीवरून उतरून मोक्षाच्या गाडीत बसलाय.

लालासाहेब मात्र थोडे रुसलेले दिसले. "मास्तर, मला तरी सांगायचं. एवढं आपरेशन संगं केलं."

मी कमानीखाली उभा राहिलो आणि खरं काय ते सांगायला तोंड उघडलं. पण समोर साठ-सत्तर माणसं हात जोडून उभी होती. शाळेत एकतीस वर्षांत एकाही वर्गाने माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला ते बरं वाटलं. दोन मिनिटं मी नुसता उभा राहिलो, आणि त्या दोन मिनिटांत चंदनाताईंनी मला कुंकवाचा टिळा लावला, गळ्यात हार घातला आणि माइकवर माझ्या त्यागाबद्दल बोलायला सुरुवात केली. माझ्या त्यागात स्वेटर होता, मफलर होता, आणि शेवटी विजयमाला होती.

तेवढ्यात रिक्षा थांबली आणि विजयमाला उतरली. हातात एकच पिशवी. बँड आपोआप बंद पडला. लोकांनी वाट करून दिली. ती कमान, फ्लेक्स, हार, टिळा या सगळ्यांवरून नजर फिरवत सरळ माझ्याजवळून पुढे गेली आणि अडेनियमसमोर बसली. धोतर काढलं. शाल काढली. अंगठ्याने बुंधा दाबला.

अंगठा आत गेला.

मी त्या दिवशी हार घालून उभा होतो, भोवती सगळा समाज होता, पण मला तेवढा अंगठाच दिसत होता.

"पाणी दिलंत," ती म्हणाली.

"कोमट," मी म्हणालो.

"किती दिवस?"

"रोज."

तिने अंबूबाईंना घरातून सुरी आणि हळद आणायला सांगितली. बुंध्याचा सडलेला भाग सपासप कापत गेली. आतून तपकिरी, ओला, वास मारणारा गर निघत होता. सगळी गर्दी श्वास रोखून बघत होती. दीक्षाविधीत हे कुठे बसतं याचा काही जण अंदाज घेत असावेत. पाच फांद्यांपैकी चार गेल्या. एका फांदीखाली मुठीएवढा टणक, हिरवट भाग उरला. तिने त्यावर हळद दाबली आणि ती फांदी मांडवाच्या खांबाला उलटी टांगली.

"सुकू द्या. वाचली तर वाचली," ती म्हणाली.

चंदनाताईंनी धीर करून विचारलं, "ताई, मग दीक्षेचं?"

"त्यांनाच विचारा. मी झाडांचं बघतेय."

मग मला सांगावंच लागलं. मी सगळं सांगितलं, चपलांपासून पिंछीपर्यंत. शेवटी मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले की आता गव्हाची खीर दीडशे माणसांची केलेली आहे आणि मांडवाची परवानगी संध्याकाळी सहापर्यंत आहे. हा मुद्दा सर्वांना पटला. माझ्या वैराग्यासाठी जमलेली माणसं माझ्याच अंगणात, कुंड्या कडेला सारून, पोटभर जेवली. फ्लेक्सवाल्यांनी फ्लेक्स उलटा करून त्यावर पंगत बसवली. लालासाहेबांनी वाढपाची शिस्त लावली, आणि गुंडा शेजारच्या पाहुण्याला गुडघेदुखीवर स्लरी सांगत होता.

तीन वाजता मांडव रिकामा झाला. विजयमाला स्वयंपाकघरात सुरी धूत होती. ती उद्या सकाळी परत पुण्याला जाणार होती. मी दारात उभा राहिलो.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"हं."

"तू कशी काय अचानक आलीस?"

"चंदनाताईंचा फोन आला काल दुपारी. दीक्षेला घरच्यांची संमती लागते, ती विचारायला."

"मग तू काय म्हणालीस?"

"दिली म्हटलं."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "लगेच?"

"त्या म्हणाल्या, विचार करा, संध्याकाळी परत फोन करते. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत कशाला तुमचा खोळंबा."

खरं सांगतो, दिवसभरात लोक हसले त्याचं मला एवढं वाईट वाटलं नाही. मी स्टुलावर बसलो. तेहतीस वर्षं आणि अर्ध्या मिनिटात संमती. एखाद्या कुंडीची कुणाला ने-आण करू देताना तिने याहून जास्त विचार केला असता. मी तसं बोललोही.

"मग आलीस कशाला?" मी विचारलं. "झाडांसाठी?"

ती सुरी पुसत राहिली. "आज पहाटे बसमध्ये बसले तेव्हा झाडांसाठीच निघाले होते. साताऱ्यापर्यंत लय हलकं वाटत होतं. म्हटलं, चला, सुटले. आता कुणाच्या मागे ओरडायला नको." तिने सुरी जागेवर ठेवली. "कराडला गाडी थांबली. उतरले, चहा सांगितला. तर त्या माणसाने दोन कप पुढे केले. मी म्हटलं, दोन कशाला दिलेत? तर म्हणाला, बाई, तुमीच म्हणालात की दोन, एक बिनसाखरेचा."

सहा वर्षांपासून मला डॉक्टरांनी साखर बंद केली आहे.

मी स्टूल ओट्याजवळ ओढलं.

"मग काय केलंस?"

"काय करणार? गाडी हॉर्न देत होती. प्याले दोन्ही." ती माझ्याकडे वळली. "तो बिनसाखरेचा किती वाईट लागतो. रोज कसा पिता हो तुम्ही?"